शेल प्रॉम्प्ट

युनिक्स या संगणक-प्रणालीचे शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, पुढची आज्ञा घ्यायला मोकळे झाले की टर्मिनलवर जी खूण उमटवते, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. पुष्कळ जण तिच्याकडे न पाहताच टाइप करू लागतात. पण फाइली पुसण्याची आज्ञा देताना आपण कोण आहोत, कोणत्या यंत्रावर आहोत आणि कोणत्या डिरेक्टरीत उभे आहोत, हे एंटर दाबण्याआधी सांगणारी तेवढी एकच ओळ समोर असते.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बोर्न शेलमध्ये साध्या वापरकर्त्याला $ दिसे आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, #. बिल जॉय यांच्या सी शेलने % घेतले. मार्गदर्शिकांमध्ये आज्ञेआधी $ किंवा # छापतात ते यावरूनच. ते चिन्ह आज्ञेचा भाग नसते.

बॅश या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या शेलमध्ये प्रॉम्प्टचा मजकूर पीएस१ या व्हेरिएबलमध्ये असतो. त्यातल्या बॅकस्लॅशपुढच्या अक्षरांना ठरलेले अर्थ आहेत. यू म्हणजे वापरकर्त्याचे नाव, एच म्हणजे यंत्राचे नाव, लहान लिपीतला डब्ल्यू म्हणजे चालू डिरेक्टरीचा पूर्ण मार्ग आणि मोठ्या लिपीतला म्हणजे त्याचा फक्त शेवटचा भाग. बॅकस्लॅशपुढे $ लिहिल्यास रूटसाठी # आणि इतरांसाठी $ उमटते. या सगळ्यांतून ‘लेखक@सर्व्हर:~/हिशेब$’ अशी ओळ तयार होते. ~ म्हणजे होम डिरेक्टरी, वापरकर्त्याची स्वतःची डिरेक्टरी. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये बॅकस्लॅशचे काम % करते, शिवाय तिथे उजव्या कडेलाही प्रॉम्प्ट ठेवता येतो.

फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामची चालू शाखा प्रॉम्प्टमध्ये दाखवायची तर पीएस१मध्ये आज्ञाच बसवावी लागते. इथे हमखास चूक होते. मजकूर दुहेरी अवतरणात लिहिला की ती आज्ञा पीएस१ला मजकूर देतानाच एकदा चालते आणि शाखा बदलली तरी जुनेच नाव दिसत राहते. एकेरी अवतरणात लिहिल्यास ती दर प्रॉम्प्टला नव्याने चालते. रंगांचे संकेत बॅकस्लॅशसह चौकटी कंसांत घालणेही आवश्यक आहे. नाहीतर न दिसणारी अक्षरेही बॅश लांबीत मोजते आणि लांब आज्ञा पुढच्या ओळीवर जाताना आधीच्या मजकुरावर चढते.

अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले की पीएस२ या दुसऱ्या व्हेरिएबलमधला, अपुऱ्या आज्ञेसाठीचा प्रॉम्प्ट > दिसतो. नवख्याला वाटते, यंत्र अडकले. प्रत्यक्षात शेल उरलेल्या आज्ञेची वाट पाहत असते. कंट्रोल आणि सी दाबले की सुटका होते.

बदल आधी चालू शेलमध्ये करून पाहावा. बिघडले तर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडले की पूर्ववत होते. पसंत पडलेली ओळ होम डिरेक्टरीतल्या ‘.बॅशआरसी’ या फाइलीत ठेवतात. दूरच्या यंत्रावर लॉगिन केल्यावर मात्र प्रॉम्प्ट तिथले शेल उमटवते. म्हणून कामाच्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल हवा असेल (आणि तो असावाच), तर ती ओळ त्या सर्व्हरवरच्या फाइलीत लिहावी लागते.