वेबव्ह्यूतील दुवा-अडवणूक आणि स्क्रिप्ट-चालन

मोबाइल ॲपच्या आत बसवलेल्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपमध्येच वेबपान दाखवणाऱ्या भागात, दुवा दाबला गेल्यावर ती विनंती पुढे जाण्याआधी ॲपने ताब्यात घेणे म्हणजे दुवा-अडवणूक. आणि त्याच वेबव्ह्यूत उघडलेल्या पानात ॲपने स्वतःची जावास्क्रिप्ट चालवणे म्हणजे स्क्रिप्ट-चालन. पहिल्यात निरोप पानाकडून ॲपकडे येतो, दुसऱ्यात ॲपकडून पानाकडे जातो. दोन्ही मिळून तयार होणाऱ्या दुतर्फा मार्गाला ब्रिज म्हणतात.

उगम : ही तंत्रे मोबाइलबरोबरच आली, असा समज बराच पसरलेला आहे. त्याच्या बाजूने मुख्यतः फोनगॅपचा दाखला दिला जातो. २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि २०११ मध्ये ॲडोबीकडे गेलेल्या या प्रकल्पाने वेबपानाला फोनच्या सुविधा वापरू देण्याची पद्धत रूढ केली. त्याचाच मुक्त-स्रोत अवतार पुढे अपाची कॉर्डोव्हा म्हणून ओळखला गेला. दुसरे मत मुळे डेस्कटॉपवर शोधते. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा गाभा इतर प्रोग्रॅमना वापरायला दिला होता. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत 'बिफोर नेव्हिगेट टू' हा इव्हेंट (नवे पान उघडण्याआधी प्रोग्रॅमला मिळणारी सूचना) होता आणि त्यातील 'कॅन्सल' हा पॅरामीटर बदलला की नेव्हिगेशन थांबे. शिवाय पानातील स्क्रिप्टला यजमान प्रोग्रॅमशी, म्हणजे ज्यात हा गाभा बसवला आहे त्याच्याशी, थेट बोलण्यासाठी 'विंडो.एक्स्टर्नल' होते. ॲपलने २००३ मध्ये मॅकसाठी दिलेल्या वेबकिट चौकटीतही दुव्याबाबत यजमानाला निर्णय विचारणारा 'पॉलिसी डेलिगेट' आढळतो. काही जण आणखी मागे जाऊन, १९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटर ३ मधील लाइव्हकनेक्टला ब्रिजचा पूर्वज मानतात; पण तिथे जोडणी जावास्क्रिप्ट आणि पानातील जावा ॲपलेट यांच्यात होती, यजमान ॲपशी नव्हती. म्हणून तो दाखला थोडा ताणलेला वाटतो.

पुराव्याचा कल दुसऱ्या मताकडे आहे. विनंती अडवून यजमानाला विचारण्याची सोय मोबाइलने डेस्कटॉपकडून घेतली. मोबाइलवर नव्याने रूढ झाले ते खोट्या दुव्याचा निरोप म्हणून केलेला वापर. त्याचे कारण २००८ च्या आयफोन प्रणालीत सापडते. आयफोन ओएस २.० मधील 'यूआयवेबव्ह्यू'ला पानात स्क्रिप्ट चालवण्याची मेथड (फंक्शन) होती, दुवा सुरू होण्यापूर्वी विचारणारा 'शुड स्टार्ट लोड' हा कॉलबॅकही (ठरावीक वेळी प्रणाली स्वतः बोलावते ते ॲपचे फंक्शन) होता; पण पानातून थेट ॲपला हाक मारण्याची अधिकृत सोय नव्हती. अँड्रॉइडला पहिल्या आवृत्तीपासूनच पानाला ॲपच्या मेथड थेट बोलावू देणारे 'ॲड जावास्क्रिप्ट इंटरफेस' मिळाले होते, त्यामुळे तिथे या युक्तीची निकड तेवढी भासली नाही. मात्र २.३ आवृत्तीच्या एम्युलेटरवर (संगणकावर चालणाऱ्या नकली फोनवर) ही जोडणी कोलमडत असे. म्हणून कॉर्डोव्हाच्या अँड्रॉइड शाखेत पानाने 'प्रॉम्प्ट' हे संवादफंक्शन बोलवावे आणि ॲपने तो संवाद पडद्यावर येण्याआधी अडवून त्यातील मजकूर निरोप म्हणून वाचावा, अशी वाटही होती.

खोट्या दुव्याची रचना : पान 'गॅप' यासारखी, जगात कुठेच न पोहोचणारी योजना (स्कीम, म्हणजे पत्त्याच्या आरंभीचा 'एचटीटीपी'सारखा भाग) वापरून पत्ता तयार करते, ॲप ती योजना ओळखते, पत्त्यातून आदेश व त्याची माहिती वाचते आणि नेव्हिगेशन रद्द करते. हे सोपे दिसते, पण पानाने लागोपाठ दोन आदेश देण्यासाठी स्वतःचा पत्ता दोनदा बदलला, तर दुसरा बदल पहिल्याला गिळून टाकतो आणि पहिला आदेश ॲपपर्यंत पोहोचतच नाही. यावर तोडगा असा निघाला : पानाने आदेश एका रांगेत ठेवायचे, अदृश्य आयफ्रेमचा (पानात बसवलेल्या उप-पानाचा) पत्ता बदलून ॲपला फक्त 'रांग बघ' एवढे कळवायचे, आणि ॲपने स्क्रिप्ट चालवून सगळी रांग एकदम उचलायची. दोन्ही तंत्रे एकमेकांत किती गुंतलेली आहेत, ते या एका रचनेत स्वच्छ दिसते.

अँड्रॉइडवरील अडवणूक : येथील मुख्य कॉलबॅक 'शुड ओव्हरराइड यूआरएल लोडिंग' हा आहे. त्याने 'ट्रू' परत केले तर वेबव्ह्यू विनंती सोडून देतो, 'फॉल्स' परत केले तर स्वतः पुढे नेतो. हा कॉलबॅक ज्यात लिहितात तो 'वेबव्ह्यू क्लायंट' ॲपने बसवलाच नसेल, तर निर्णय प्रणालीकडे जातो आणि दुवा बहुधा बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडतो. केवळ मजकुराच्या रूपात पत्ता देणारी जुनी आवृत्ती एपीआय २४ मध्ये (अँड्रॉइड ७.०) कालबाह्य ठरवून, विनंतीची अधिक माहिती देणारी आवृत्ती तिच्या जागी सुचवण्यात आली, तीत विनंती मुख्य चौकटीची आहे का, हे कळते.

या कॉलबॅकच्या मर्यादा अनेक मार्गदर्शकांत एखाद्या ओळीत उरकल्या जातात, आणि बहुतेक बिघाड नेमके तिथूनच निघतात. पोस्ट पद्धतीच्या विनंतीसाठी तो बोलावला जात नाही. म्हणजे फॉर्म भरून होणारे नेव्हिगेशन त्याच्या नजरेतून सुटते. ॲपने स्वतः 'लोड यूआरएल' केलेला पत्ताही त्याच्याकडे येत नाही. पानाने 'पुश स्टेट' वापरून पत्तापट्टी बदलली तर तेही त्याला दिसत नाही, कारण तिथे विनंतीच नसते; एकपानी वेबॲपांत वापरकर्ता दहा ठिकाणी फिरून येतो आणि ॲपला सुगावाही लागत नाही. चित्रे, शैलीपत्रे आणि पार्श्वभूमीत चाललेल्या माहितीच्या विनंत्या हव्या असतील, तर एपीआय ११ पासूनचे 'शुड इंटरसेप्ट रिक्वेस्ट' लागते. ते मुख्य थ्रेडवर (पडदा हाताळणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालत नाही, पोस्टचा मजकूर देत नाही आणि पुनर्निर्देशन झाल्यास फक्त पहिला पत्ता दाखवते. तेव्हा या दोन्हींना सुरक्षेची भिंत मानणे चुकीचे आहे. सोयीचे वळण द्यायला ती उत्तम. प्रवेश नाकारण्याचे काम सर्व्हरनेच करावे.

आयओएसवरील अडवणूक : २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आलेल्या 'डब्ल्यूके वेबव्ह्यू'मध्ये 'डिसाइड पॉलिसी' हा कॉलबॅक निर्णय लगेच परत मागत नाही, निर्णय कळवण्यासाठी बोलवायचे एक फंक्शन, म्हणजे हँडलर, हाती देतो. तो हँडलर बोलवायचा राहिला तर ॲप अपवाद फेकून बंद पडते. नव्या खिडकीत उघडायच्या दुव्याला लक्ष्य-चौकट (पान ज्यात उघडायचे ती जागा) नसते. ॲपने त्याची वेगळी सोय केली नाही तर दुवा दाबूनही काहीच घडत नाही. पानाचे काम वेगळ्या प्रक्रियेत चालत असल्याने यूआयवेबव्ह्यूच्या काळातील नेटवर्क अडवण्याची जुनी युक्तीही निकामी झाली. आयओएस ११ मध्ये स्वतःच्या योजनेसाठी हँडलर देता येऊ लागला, पण एचटीटीपी व एचटीटीपीएस या योजना त्याला वर्ज्य आहेत. एप्रिल २०२० पासून ॲप स्टोअरने यूआयवेबव्ह्यू वापरणारी नवी ॲप घेणे थांबवले.

स्क्रिप्ट-चालन : अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूत जावास्क्रिप्ट मुळात बंद असते, ती मुद्दाम चालू करावी लागते. आरंभी 'जावास्क्रिप्ट' योजनेचा पत्ता लोड करणे एवढाच मार्ग होता आणि उत्तर परत मिळत नसे. क्रोमियमवर आधारित वेबव्ह्यू घेऊन आलेल्या अँड्रॉइड ४.४ मध्ये (२०१३) 'इव्हॅल्युएट जावास्क्रिप्ट' मिळाले. ते मुख्य थ्रेडवरूनच बोलवावे लागते आणि उत्तर जेसन या माहिती मजकुरात मांडण्याच्या पद्धतीत येते. म्हणजे पानाने 'नमस्कार' हा शब्द परत केला तर ॲपच्या हाती तो अवतरणचिन्हांसह पडतो. उलट, 'ॲड जावास्क्रिप्ट इंटरफेस'ने जोडलेल्या मेथड वेबव्ह्यूच्या खासगी थ्रेडवर चालतात. तिथून थेट वेबव्ह्यूला हात लावला की थ्रेडची तक्रार येते.

आयओएसवर यूआयवेबव्ह्यूच्या जुन्या मेथडला प्रत्येक वेळी १० सेकंद आणि १० एमबी अशी मर्यादा होती, आणि उत्तर येईपर्यंत ॲप थांबून राही. डब्ल्यूके वेबव्ह्यूत उत्तर नंतर येते. पानातील घटक-नोड परत केला तर 'असमर्थित प्रकार' अशी त्रुटी येते. पान उघडताना किंवा उघडून झाल्यावर आपोआप चालणारी 'युजर स्क्रिप्ट' आणि पानाकडून निरोप घेणारा 'मेसेज हँडलर' याच पिढीतले. त्यांच्यामुळे खोट्या दुव्याची गरज संपली. आयओएस १४ पासून (२०२०) ॲपची स्क्रिप्ट स्वतंत्र 'कंटेंट वर्ल्ड'मध्ये चालवता येते : पानाने एखादे मूलभूत फंक्शन बदलून ठेवले असले तरी ॲपच्या स्क्रिप्टला धक्का लागत नाही, मात्र पानाची रचना दोघांना सामाईक राहते.

स्क्रिप्टचा मजकूर जोडाजोड करून तयार करणे ही सवय घातक आहे. वापरकर्त्याचे नाव सरळ स्क्रिप्टमध्ये चिकटवले आणि त्यात एकेरी अवतरणचिन्ह असले, तर बरे झाल्यास स्क्रिप्ट मोडते, वाईट झाल्यास ते नावच आज्ञा बनते. जेसनमध्ये रूपांतर करणे हा नेहमीचा उपाय. २०१९ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणकापर्यंत त्यातही फट होती : यू+२०२८ हे ओळविभाजक चिन्ह जेसनला चाले, पण जावास्क्रिप्टच्या शब्दमालेत (अवतरणचिन्हांतील मजकुरात) चालत नसे. आयओएस १४ मधील 'कॉल असिंक जावास्क्रिप्ट' माहिती स्वतंत्र घेते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उरत नाही.

सुरक्षा : २०११ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातील संशोधकांनी धोका दोन्ही बाजूंनी असल्याचे मांडले; दुष्ट पान ॲपवर हल्ला करू शकते, तसेच दुष्ट ॲप पानावरही. पहिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतील सीव्हीई-२०१२-६६३६ हे. जोडलेल्या जावा वस्तूच्या सर्व सार्वजनिक मेथड पानाला दिसत असल्याने, रिफ्लेक्शनच्या (चालू प्रोग्रॅममधील वर्ग व मेथड नावाने शोधून बोलावण्याच्या) वाटेने पानातील स्क्रिप्ट थेट प्रणालीच्या आज्ञा चालवू शके. एपीआय १७ (अँड्रॉइड ४.२) लक्ष्य करणाऱ्या ॲपांत ठरावीक खूण केलेल्या मेथडच उघड होऊ लागल्या आणि ही वाट बंद झाली.

पत्ता तपासण्यातली चूक मात्र आजही जागोजागी दिसते. पत्ता 'ग्रंथालय.उदाहरण' या अक्षरांनी सुरू होतो का, एवढेच ॲपने पाहिले, तर 'ग्रंथालय.उदाहरण.परका.उदाहरण' हा पत्ताही पास होतो, तसाच 'ग्रंथालय.उदाहरण@परका.उदाहरण' हाही, कारण ॲट चिन्हाच्या आधीचा भाग सर्व्हरचे नाव नसून वापरकर्त्याचे नाव असते. पत्ता विघटित करून सर्व्हरचे पूर्ण नाव जुळवणे हीच खात्रीची रीत. अँड्रॉइडवर 'इंटेंट' योजनेचा (प्रणालीला एखादा पडदा उघडायला सांगणारा) दुवा तसाच चालवला, तर पान ॲपचे खासगी पडदे उघडू शकते. म्हणून कोणता पडदा उघडायचा ते ठरवणारे त्यातील घटक व सिलेक्टर पुसून, ब्राउझरमधून उघडू देता येण्याजोग्या पडद्यांपुरता मर्यादित करणारा 'ब्राउझेबल' हा वर्ग लावतात.

दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे ॲपकडून पानाला असलेल्या, धोक्याकडे लक्ष उशिरा गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझ या संशोधकाने काही लोकप्रिय ॲपांचे अंतर्गत ब्राउझर त्रयस्थ पानांत स्क्रिप्ट घालतात, हे दाखवले. त्या स्क्रिप्ट प्रत्यक्षात काय गोळा करतात, हे मात्र त्यातून सिद्ध होत नव्हते.

इतर प्रणाली व पर्याय : विंडोज फोनवर 'नेव्हिगेटिंग' इव्हेंट, 'इन्व्होक स्क्रिप्ट' आणि 'विंडो.एक्स्टर्नल.नोटिफाय' अशी डेस्कटॉपची परंपरा पुढे चालली. २०१५ मध्ये आयओएस ९ चा 'सफारी व्ह्यू कंट्रोलर' आणि क्रोमचे 'कस्टम टॅब' आले. त्यांत ॲपला पानात स्क्रिप्ट घालता येत नाही आणि टाइप केलेला मजकूर वाचता येत नाही. परक्या सेवेचे लॉगिन वेबव्ह्यूत उघडू नये, असे ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात बंधनकारक शब्दांत म्हटले आहे. गूगलने आपल्या लॉगिनसाठी हा निर्बंध २०१६ मध्येच जाहीर केला होता.