पहिलं ब्लँकेट विणताय? मग लोकर घेण्याआधी हे वाचा

"काकू, आत्ता दोनच गोळे द्या, जमतंय का बघते, मग बाकीचे येऊन घेऊन जाते." चिपळूणच्या आमच्या दुकानात हे वाक्य मी महिन्यातून कितीदा ऐकते त्याला गणती नाही. बोलणं अगदी बरोबर वाटतं, पैसे कशाला अडकवायचे. पण दीड-दोन महिन्यांनी तीच ताई अर्धं ब्लँकेट पिशवीत घालून येते, तोच रंग मागते, आणि रंग आमच्याकडे असतो पण तो "तो" नसतो. मग मी सगळे खण उपसते, ती बिचारी स्टुलावर बसून राहते, आणि अर्धा तास गेल्यावर दोघी हिरमुसतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढलं.

लोकरीच्या लेबलवर दोन नंबर असतात. शेड नंबर म्हणजे रंग कोणता, आणि लॉट नंबर म्हणजे तो रंगाच्या कुठल्या घाण्यातून निघालाय. कारखान्यात एका वेळी एक घाणा रंगवतात, पुढच्या घाण्याला पाणी, उष्णता, रंगाचं माप एवढंसं इकडेतिकडे झालं की छटा बदलते. सोलकढीचं बघा ना, कोकमाचं आगळ त्याच बाटलीतलं, नारळ त्याच झाडाचा, तरी कालची गुलाबी आणि आजची गुलाबी सेम कुठे येते? तसंच हे. शेड नंबर जुळला म्हणून बरेच जण निर्धास्त होतात, पण ब्लँकेटला लॉट नंबर जुळायला लागतो.

गोळे हातात धरून ट्यूबलाइटखाली हा फरक दिसतच नाही. विणल्यावर दिसतो, तोही उजेडात. गुहागरकडची एक ताई भाचीच्या बाळाच्या बारशासाठी पिस्ता रंगाचं करत होती. ४५ सेंटिमीटर झालेलं, हात इतका सुंदर की एक टाका वाकडा नाही. नवीन लॉटचा गोळा शेजारी ठेवला तर आत अगदी एकच वाटला, पण दोन्ही दारात नेऊन उन्हात धरले तर जुना किंचित पिवळट आणि नवा निळसर. तसंच पुढे विणलं असतं तर बरोब्बर मधोमध पट्टा आला असता. तिच्याकडे जुना अर्धा गोळा शिल्लक होता म्हणून वाचलं. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नव्या, अशा आलटून पालटून जुना गोळा संपेपर्यंत घालायला सांगितल्या, दोनदोनच घालायच्या म्हणजे दोन्ही दोरे एकाच कडेला राहतात, तोडावे लागत नाहीत. छटा हळूहळू मिसळली आणि बारशात कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण हे जुनी लोकर शिल्लक असेल तरच होतं, सगळी संपवून आलात तर मग बॉर्डर दुसऱ्या रंगाची करा एवढंच मी सांगू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून "हाच रंग आहे का" विचारू नका प्लीज, प्रत्येक मोबाइलमध्ये रंग वेगळा दिसतो. लेबलचा फोटो पाठवा, दोन मिनिटांत खरं उत्तर देते. म्हणजे पहिल्या गोळ्याचं लेबल फेकायचं नाही, ब्लँकेट पूर्ण होईपर्यंत पर्समध्ये ठेवायचं.

आता किती लोकर घ्यायची ते. बाळाचं ब्लँकेट साधारण ७५ बाय ९० सेंटिमीटरचं धरा. डीके (डबल निटिंग) म्हणजे मध्यम जाडीची लोकर, ४ मिमी सुई, १५० टाके, सगळ्या ओळी सुलट. ५० ग्रॅमच्या एका गोळ्यात साधारण १६ सेंटिमीटर उंची होते, म्हणजे ९० ला साडेपाचच्या थोडे वर गोळे, म्हणजे सहा, आणि प्रत्येकीचा हात वेगळा म्हणून वर एक. सात गोळे एकाच लॉटचे. मी सात सांगितले की काही जणींना वाटतं दुकानवाली जास्तीचं गळ्यात मारतेय, तेव्हा आमची पद्धत सांगते: सातही गोळे तुमच्या नावाच्या पिशवीत बांधून ठेवते, तुम्ही तीन-चार घेऊन जा, बाकीचे दोन महिन्यांत न्या, न्याल तेव्हा पैसे द्या. आणि शेवटी उरलेला न उघडलेला गोळा लेबलसकट आणलात तर परत घेते. लेबल नसेल तर मात्र घेत नाही, त्याला कारण आहे. २०२१ च्या जुलैच्या पुरात आमचे खालचे सगळे खण बुडाले. लोकर धुवून वाळवली, ती बरी निघाली, पण लेबलं चिखलात गेली आणि एकट्या क्रीम रंगाचा एवढा ढीग समोर पडला, त्यात कुठला गोळा कुठल्या लॉटचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. सगळा ढीग किलोवर द्यावा लागला. तेव्हापासून लॉटप्रमाणे पिशव्या करून वरच्या फळीवर ठेवते.

सुईचंही एक सांगते, कारण आईच्या वेळच्या सुया घेऊन बऱ्याच जणी येतात. जुना ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ८ मिमी नव्हे. जुन्या नंबरात आकडा मोठा तेवढी सुई बारीक, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. आणि १५० टाके चौदा इंची सरळ सुयांवर कोंबून विणता येतात, पण टाके सटकतात आणि मनगट दुखतं. ८० सेंटिमीटरची केबलवाली सुई (दोन टोकं लवचीक वायरने जोडलेली) घ्या, तिच्यावरही जाऊन-येऊन सपाट विणता येतं, ब्लँकेटचं वजन मांडीवर राहतं.

एक ओळ सुलट एक ओळ उलट असं पहिल्या ब्लँकेटला नको, कडा गुंडाळतात आणि इस्त्री करून सरळ होत नाहीत. ॲक्रिलिकला इस्त्री लावायचीच नाही, लोकर चपटी होऊन मरते. ब्लँकेट वर वर रुंद होत गेलं तर टाके वाढलेत. बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे ओढला जातो, मग पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण दोन्ही विणतो. दोरा सुईखालून मागे न्या. दर २५ टाक्यांवर रंगीत दोऱ्याचा फास अडकवून ठेवलात तर मोजणं सोपं जातं, दर दहा ओळींनी मोजा. नवा गोळा कडेलाच जोडा, मधे गाठ नको.

इथल्या दमट हवेला मी ॲक्रिलिक नाहीतर कॉटन मिक्सच सुचवते. प्युअर वूलला कसर लागते आणि पावसाळ्यात कुबट वास धरतं. धुतल्यावर दोरीवर टाकू नका, पाण्याच्या वजनाने लांबतं, चटईवर पसरून सावलीत वाळवा.

अडलात तर विणलेला तुकडा सुईवरून न काढता तसाच घेऊन या, सोबत लेबल. टाके मोजून, सुटलेला टाका उचलून द्यायचे पैसे घेत नाही. लोकर दुसरीकडून घेतली असेल तरी या. सकाळी दहा ते एक किंवा दुपारी चारनंतर या, आणि रंग निवडायचा असेल तर शक्यतो सकाळीच, दारात चांगला उजेड असतो.