डीएचसीपी रिले : शाखा कार्यालयांतील दोषशोधन

डीएचसीपी म्हणजे जाळ्यातल्या संगणकांना आयपी पत्ते आपोआप वाटणारी पद्धत. मुख्यालयातल्या एकाच सर्व्हरकडून दूरच्या शाखांमधील संगणकांना आयपी पत्ते मिळवून देणारी व्यवस्था म्हणजे डीएचसीपी रिले. शाखेत वेगळा सर्व्हर ठेवावा लागत नाही आणि पत्त्यांचा हिशेब एका जागी राहतो. मात्र पत्ता मिळेनासा झाला, की दोष शाखेत, वाटेत की मुख्यालयात हे आधी ठरवावे लागते.

नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हरचाही ठाऊक नसतो. म्हणून तो ‘डिस्कव्हर’ हा संदेश जाळ्यातल्या सगळ्यांना उद्देशून सोडतो. सर्व्हर ‘ऑफर’ देतो, संगणक ‘रिक्वेस्ट’ करतो आणि सर्व्हरच्या ‘ॲक’ने व्यवहार पक्का होतो. संगणक यूडीपीचे 68 क्रमांकाचे पोर्ट वापरतो, तर सर्व्हर 67 क्रमांकाचे. असा सार्वत्रिक संदेश राउटर पलीकडे जाऊ देत नाही, ही मूळ अडचण. तिच्यावरचा तोडगा डीएचसीपीहून जुना आहे. 1985 च्या बूटपी या प्रणालीतच मधल्या यंत्राने निरोप पुढे पोचवण्याची सोय होती. 1993 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या डीएचसीपीने ती उचलली. आज आधारभूत मानला जाणारा आरएफसी 2131 हा दस्तऐवज 1997 चा आहे.

शाखेतला राउटर डिस्कव्हर ऐकतो, त्यातल्या ‘जीआयएड्र’ या रकान्यात शाखेच्या बाजूचा आपला पत्ता भरतो आणि संदेश थेट सर्व्हरकडे धाडतो. सिस्कोच्या राउटरवर हे काम ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ या आज्ञेने होते. हा एक रकाना नीट कळला, की निम्मे दोषशोधन सोपे होते. पत्त्यांच्या कोणत्या संचातला पत्ता द्यायचा हे सर्व्हर सहसा त्यावरूनच ठरवतो, आणि उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवतो. शाखेत नवे व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचे वेगळे आभासी जाळे, काढले पण सर्व्हरवर त्याचा संच केला नाही, तर ऑफर निघतच नाही. उलट सर्व्हरच्या नोंदवहीत ऑफर दिसते, पण शाखेत काहीच पोचत नाही, तेव्हा बहुधा मुख्यालयातून शाखेच्या त्या पत्त्याकडे परतीचा मार्ग नसतो किंवा फायरवॉल मधे आडवी आलेली असते.

विंडोज संगणकावर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच, की उत्तर आले नाही. अशा वेळी त्याच जागी एका संगणकाला हाताने पत्ता देऊन सर्व्हरला पिंग करावे, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहावे. ते चालले तर केबल, स्विच आणि मार्ग ठीक. मग संशय रिलेवर, फायरवॉलवर किंवा सर्व्हरच्या संचावर. राउटरवरून केलेले साधे पिंग मात्र फसवते. ते मुख्यालयाकडच्या बाजूचा पत्ता घेऊन निघते, त्यामुळे शाखेच्या जाळ्याचा परतीचा मार्ग तपासलाच जात नाही. उगमपत्ता शाखेकडचा द्यायला हवा. शिवाय पिंग जाते म्हणजे 67 चे पोर्ट खुले आहे, असेही नाही. खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही टोकांना वायरशार्क किंवा टीसीपीडंप हे संदेश टिपणारे साधन लावून चारपैकी कोणता संदेश कुठे हरवतो ते पाहणे. तर्क लढवण्यात तास घालवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

सर्वांत चकवणारा दोष मुदतवाढीचा. सर्व्हर पत्ता ठरावीक मुदतीपुरताच देतो आणि संगणकाला ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. अर्धी मुदत सरली की संगणक रिलेला वगळून थेट सर्व्हरशी बोलतो. फायरवॉलने फक्त राउटरच्या पत्त्याला परवानगी दिली असेल, तर ही विनंती वाटेतच गळते. विंडोज सर्व्हरच्या 8 दिवसांच्या नेहमीच्या मुदतीत चौथ्या दिवसापासून हे अपयश सुरू होते. सातव्या दिवशी, म्हणजे 87.5 टक्के मुदत संपल्यावर, संगणक पुन्हा सार्वत्रिक हाक देतो आणि रिलेमार्गे काम होऊन जाते. कुणाची तक्रार येत नाही, आणि दोष वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो.

कुणीतरी शाखेत जोडलेला घरगुती राउटरही पत्ते वाटू लागतो. काही संगणकांना 192.168.1 चे परके पत्ते मिळाले, तर आधी तो शोधून काढावा. त्यावर स्विचमधील डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्या सर्व्हरची उत्तरे अडवणारी सोय, हा चांगला बंदोबस्त आहे, पण त्याचीही एक खोच आहे. सिस्कोचा स्विच त्या वेळी संदेशात ‘पर्याय 82’, म्हणजे तो कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आला याची नोंद, घालतो आणि जीआयएड्र रिकामे ठेवतो. असा संदेश रिले राउटर संशयास्पद मानून टाकून देतो. म्हणून एक तर स्विचने तो पर्याय घालणे थांबवावे लागते, नाहीतर राउटरला त्यावर विश्वास ठेवायला सांगावे लागते.