प्रशिक्षक-उत्तराधिकार (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

दीर्घकाळ गाजलेला मुख्य प्रशिक्षक अनपेक्षितपणे निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी दुसरा नेमण्याची आणि त्या खळबळीत संघ टिकवून धरण्याची अमेरिकी विद्यापीठांतील प्रक्रिया. सतत हरणाऱ्या प्रशिक्षकाला काढणे हा या खेळातला नित्याचा व्यवहार आहे, त्याचा येथे विचार केलेला नाही. प्रस्तुत नोंदीत टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठाचे उदाहरण मध्यवर्ती धरले आहे. तेथे हा प्रसंग दोनदा आला. १९८२ मध्ये पॉल ‘बेअर’ ब्रायंट आणि २०२४ मध्ये निक सेबन पायउतार झाले, आणि दोन्ही वेळी विद्यापीठाने परस्परविरुद्ध मार्ग धरला.

महाविद्यालयीन संघात मुख्य प्रशिक्षक हा केवळ डावपेच आखणारा नसतो. शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांना विद्यापीठाकडे वळवणे, साहाय्यक निवडणे, व्यायाम, आहार व अभ्यासाची शिस्त लावणे आणि देणगीदारांना राजी राखणे ही सगळी कामे त्याच्याकडेच असतात. म्हणून गादी रिकामी झाली की एकाच दिवशी या सर्व बाजू उघड्या पडतात.

*विक्रमांची मोजणी.* ब्रायंट यांची अलाबामातील कारकीर्द १९५८ ते १९८२ अशी असून नोंद २३२ विजय, ४६ पराभव, ९ बरोबरी अशी दिली जाते. सर्व विद्यापीठे मिळून त्यांचे ३२३ विजय होतात. त्यांच्या सहा राष्ट्रीय विजेतेपदांपैकी (१९६१, १९६४, १९६५, १९७३, १९७८, १९७९) दोनांबद्दल मतभेद आहेत. १९६४ मध्ये विजेता ठरवणारे वृत्तसंस्थेचे अंतिम मतदान हंगामाअखेरच्या बोल सामन्यांपूर्वीच उरकले होते आणि नंतर अलाबामा ऑरेंज बोलमध्ये टेक्ससकडून हरला. १९७३ मध्ये अन्य वृत्तसंस्थेच्या, प्रशिक्षकांनी केलेल्या मतदानाबाबत तसेच घडले. त्या वेळी शुगर बोलमध्ये नोत्र दामने २४–२३ असे हरवले. विद्यापीठ दोन्ही विजेतेपदे मोजते आणि बहुतेक संकलकही तीच प्रथा पाळतात.

सेबन यांच्या बाबतीत घोळ वेगळा आहे. मैदानावरचा हिशेब २०६ विजय, २९ पराभव असा. अधिकृत हिशेब मात्र २०१–२९. पाठ्यपुस्तकवाटपातील गैरप्रकाराबद्दल एनसीएए या नियामक संस्थेने २००९ मध्ये २००५ ते २००७ या हंगामांतील २१ विजय रद्दबातल केले. त्यांतील पाच सेबन यांच्या पहिल्या हंगामातले होते. रद्द झालेला विजय पराभव म्हणून धरला जात नाही, तो फक्त वजा होतो. म्हणून पराभवांचा आकडा दोन्हीकडे तोच राहतो. त्यांची राष्ट्रीय विजेतेपदे सात. पैकी २००३ चे लुइझियाना स्टेटबरोबर, उरलेली (२००९, २०११, २०१२, २०१५, २०१७, २०२०) अलाबामाबरोबर.

*१९८२ : घरचा माणूस.* ब्रायंट यांनी १५ डिसेंबर १९८२ रोजी निवृत्ती जाहीर केली. २९ डिसेंबरला लिबर्टी बोलमध्ये इलिनॉयवर २१–१५ असा विजय हा त्यांचा अखेरचा सामना. २६ जानेवारी १९८३ रोजी, म्हणजे त्यानंतर अवघ्या चार आठवड्यांनी, त्यांचे निधन झाले. उत्तराधिकारी रे पर्किन्स हे ब्रायंट यांचेच माजी खेळाडू आणि तेव्हा न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. (जायंट्सने रिकामी झालेली जागा बचाव सांभाळणाऱ्या बिल पार्सेल्स यांना दिली आणि पुढे त्यांच्या हाताखाली दोन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदे, जिंकले. त्या सौद्यात नफा कुणाचा झाला हे सांगायला नको.)

घरचा माणूस आणला की घडी मोडणार नाही, असा विद्यापीठाचा होरा असावा. पर्किन्स यांनी मात्र घडीच बदलली. चेंडू हाती घेऊन धावण्यावर बेतलेली ‘विशबोन’ आक्रमणरचना त्यांनी मोडीत काढून व्यावसायिक पद्धतीची, फेकीवर भर देणारी रचना आणली. ब्रायंट यांचे अनेक साहाय्यक गेले. ज्या मनोऱ्यावर उभे राहून ब्रायंट सराव पाहत, तो सरावाच्या मैदानावरून हटवला गेला. मनोऱ्याची आठवण अलाबामात आजही काढली जाते. पण परिणामाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो रचनेतला बदल. विशबोनसाठी निवडलेले आक्रमक फळीतले खेळाडू समोरच्याला रेटत पुढे सरकण्यात तरबेज असतात, तर फेकीच्या खेळात त्यांना मागे सरकत चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तीन-चार सेकंद आडोसा द्यावा लागतो. पायांचे काम, वजन, हातांची ठेवण सगळेच निराळे. अशी फळी नव्याने भरायला साधारण तीन भरतीवर्षे लागतात. पर्किन्स यांचे हंगाम या अंदाजाशी बरेच जुळतात : ८–४, ५–६, मग ९–२–१ आणि १०–३. १९८४ चा ५–६ हा १९५७ नंतरचा अलाबामाचा पहिला तोट्याचा हंगाम होता. घडी बसली तेव्हा, १९८६ च्या हंगामाअखेर, ते टँपा बे बकनियर्स या व्यावसायिक संघाकडे गेले.

त्यानंतरचे बिल करी (१९८७–८९) बाहेरचे, जॉर्जिया टेकचे होते. २६–१० अशी नोंद असूनही ते रुजले नाहीत. प्रतिस्पर्धी ऑबर्नविरुद्धचे तिन्ही सामने त्यांनी गमावले आणि अलाबामात हे पाप धुतले जात नाही. ब्रायंट यांच्या तालमीतले जीन स्टॉलिंग्ज यांनी १९९२ मध्ये १३–० असा हंगाम करून विजेतेपद मिळवले. ब्रायंट व सेबन यांच्यामध्ये प्रशिक्षक किती झाले, याचे उत्तर संदर्भग्रंथांत सहा किंवा सात असे मिळते. डिसेंबर २००२ मध्ये नेमलेले माइक प्राइस एकही सामना खेळवण्यापूर्वी, करारावर सही होण्याआधीच, २००३ मध्ये दूर केले गेले. त्यांना धरावे की नाही यावर हा आकडा ठरतो. न धरणे अधिक सयुक्तिक.

*२०२४ : बाहेरचा माणूस.* १ जानेवारी २०२४ रोजी रोझ बोलमध्ये मिशिगनकडून जादा डावात २७–२० असा पराभव झाला. १० जानेवारीला दुपारच्या बैठकीत सेबन यांनी खेळाडूंना निवृत्तीचा निर्णय सांगितला. त्या वेळी ते ७२ वर्षांचे होते. निर्णयाच्या कारणांबद्दल दोन मते आहेत. एक मत असे, की खेळाडूंना मिळू लागलेला जाहिरातींचा पैसा आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात मुक्त स्थलांतर यांमुळे ते विटले. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टन डी.सी. येथील चर्चेत त्यांनी या बदलांवर उघड टीका केली, तिचा आधार यासाठी घेतला जातो. दुसरे मत वयाचे. पूर्वीसारखे तास झेपत नाहीत आणि ‘तुम्ही अजून किती वर्षे राहाल’ हा प्रश्न नवे साहाय्यक नेमताना वारंवार येतो, असे त्यांनी स्वतः सांगितले. दुसरे कारण अधिक जवळचे वाटते. नियमांबद्दल कुरकुर त्यांनी आधीही केली होती, तरी दर वेळी त्याच नियमांत इतरांहून सरस भरती करून दाखवली होती.

क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी खेळाडूंकडे ७२ तास मागितले आणि १२ जानेवारीलाच वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डीबोर यांची नेमणूक जाहीर केली. डीबोर यांचा संघ चारच दिवस आधी, ८ जानेवारीला, राष्ट्रीय अंतिम सामन्यात मिशिगनकडून ३४–१३ असा हरला होता. त्यांची एकूण नोंद १०४–१२ होती. त्यांतील ६७–३ सू फॉल्स या छोट्या महाविद्यालयातली, तीन विजेतेपदांसह. अलाबामाशी किंवा सेबन यांच्याशी त्यांचा काडीचाही पूर्वसंबंध नव्हता. वॉशिंग्टनला सुमारे १.२ कोटी डॉलर करारमोडीची भरपाई (बायआउट) देय होती आणि नवा करार आठ वर्षांचा, सुमारे ८.७ कोटी डॉलरचा झाला.

घाईचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. त्या हंगामातली स्थलांतरासाठी नाव नोंदवण्याची (ट्रान्स्फर पोर्टल) सर्वसाधारण मुदत २ जानेवारीला संपली होती. परंतु मुख्य प्रशिक्षक गेला, की त्याच संघाच्या खेळाडूंना ३० दिवसांची स्वतंत्र मुदत मिळे. परिणाम एकतर्फी होई. अलाबामाचे खेळाडू कुठेही जाऊ शकत होते. अलाबामाला मात्र आधीच पोर्टलमध्ये नाव नोंदवलेले, किंवा ज्यांचा स्वतःचा प्रशिक्षक नुकताच गेला आहे, असेच खेळाडू घेता येत होते. सेफ्टी (बचावातला सर्वांत मागचा खेळाडू) केलेब डाउन्स आणि नवोदित क्वार्टरबॅक जूलियन सेयिन ओहायो स्टेटकडे गेले, रिसीव्हर (फेक झेलणारा) आयझाया बाँड टेक्ससकडे. फळीतला केडिन प्रॉक्टर आयोवाकडे गेला आणि वसंतातल्या मुदतीत परत आला. क्वार्टरबॅक जेलन मिलरो राहिला. शाळकरी रिसीव्हर रायन विल्यम्स याने अलाबामाला दिलेला शब्द मागे घेतला, मग पुन्हा दिला.

भरपाईही त्याच फटीतून झाली. वॉशिंग्टनच्या खेळाडूंची मुदत डीबोर यांच्या जाण्यामुळेच उघडली होती, त्यामुळे सेंटर (आक्रमक फळीतला मधला खेळाडू) पार्कर ब्रेल्सफर्ड व रिसीव्हर जर्मी बर्नार्ड त्यांच्यामागोमाग आले. जानेवारीअखेर जिम हार्बॉ व्यावसायिक संघाकडे गेल्याने मिशिगनची मुदत उघडली, तेव्हा तिथला सेफ्टी कीऑन सॅब मिळाला. डाउन्सची रिकामी जागा भरायला दुसरीकडच्या प्रशिक्षकाचे जाणे उपयोगी पडले. साखळी खालपर्यंत गेली. वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश नेमले, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन, आणि सॅन होजे स्टेटने केन निउमाटालोलो. निवृत्ती टस्कलूसात, पण दोन आठवड्यांत आणखी तीन विद्यापीठांना प्रशिक्षक शोधावा लागला.

*कार्यपद्धती.* सावध क्रीडा संचालक पाच-सहा नावांची यादी कायम खिशात ठेवतो आणि हंगामागणिक ती बदलतो. यादीत नावाबरोबर करारमोडीची रक्कम व ती कोणत्या तारखेला कमी होते, तेही टिपलेले असते. प्रत्यक्ष प्रसंगात क्रम साधारण असा चालतो : संघाची बैठक, खेळाडूंना मुदतीचे आश्वासन, मध्यस्थामार्फत चाचपणी, समोरासमोर भेट, अटींचा संक्षिप्त मसुदा, विश्वस्त मंडळाची मान्यता. सविस्तर करार आठवडे-महिने मागाहून होतो; प्राइस प्रकरणात हीच मोकळी जागा विद्यापीठाच्या पथ्यावर पडली. नकारांची तयारी ठेवावी लागते. २००६ च्या डिसेंबरात रिच रॉड्रिगेझ यांनी नाही म्हटल्यावरच अलाबामा सेबन यांच्यापर्यंत पोहोचला. २०२४ मध्ये ओरेगनचे डॅन लॅनिंग यांनी आपण जागचे हलणार नसल्याचे जाहीर केले, तर फ्लोरिडा स्टेटने माइक नॉर्व्हेल यांचा करार वाढवला. बड्या जागेची नुसती वावडीही इतरांच्या पगारवाढीला पुरते.

नेमणुकीनंतरचे पहिले काम नव्या भरतीचे नसून हाती असलेल्या खेळाडूंना पुन्हा वळवण्याचे असते. यासाठी जुन्या साहाय्यकांपैकी एक-दोन राखणे फार उपयोगी ठरते, कारण खेळाडूची ओळख मुख्य प्रशिक्षकापेक्षा आपल्या जागेच्या प्रशिक्षकाशी अधिक असते. डीबोर यांनी बचावफळीचे फ्रेडी रोच व चेंडू घेऊन धावणाऱ्यांचे रॉबर्ट गिलेस्पी यांना, तसेच व्यायामप्रमुख डेव्हिड बॅलू यांना ठेवले. बचावासाठी साउथ अलाबामाचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून केन वॉमॅक आले. आक्रमणाचे सूत्रधार रायन ग्रब डीबोर यांच्याबरोबर आले आणि काही आठवड्यांतच सिॲटल सीहॉक्सकडे निघून गेले. अशी गळती फेब्रुवारीत नेहमी होते, कारण व्यावसायिक संघांच्या नेमणुका त्याच सुमारास चालतात. ग्रब २०२५ मध्ये परतले.

बचावाची ३-४ ऐवजी ४-२-५ ही नवी मांडणी (आकडे पुढच्या फळीपासून मागे मोजलेल्या खेळाडूंचे) बरीच चर्चिली गेली. वस्तुतः सेबन यांचा संघही बहुतेक वेळ पाच पाठराखे घेऊनच खेळे, त्यामुळे आकड्यांतला फरक दिसतो त्यापेक्षा लहान आहे. खरा फरक इशाऱ्यांचा. चेंडू सुटण्यापूर्वी कोणी कोणाला काय ओरडून सांगायचे ही भाषा नव्याने शिकावी लागते. ती पक्की नसली की दोघे एकाच रिसीव्हरमागे धावतात आणि दुसरा मोकळा सुटतो.

२०२४ च्या हंगामात अलाबामाने जॉर्जियाला ४१–३४ असे हरवले आणि पुढच्याच आठवड्यात, ५ ऑक्टोबरला, व्हँडरबिल्टकडून ४०–३५ अशी हार पत्करली. व्हँडरबिल्टकडून आधीचा पराभव १९८४ चा, म्हणजे पर्किन्स यांच्या त्याच तोट्याच्या हंगामातला होता. शेवटी ९–४, राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या १२ संघांच्या प्लेऑफमध्ये जागा नाही. दहापेक्षा कमी विजयांचा हंगाम २००७ नंतर प्रथमच आला. २०२५ ची सुरुवात फ्लोरिडा स्टेटकडून ३१–१७ अशा पराभवाने झाली, पण त्या हंगामात संघ प्लेऑफमध्ये पोहोचला.

*अन्वयार्थ.* महान माणसाच्या लगेच मागून जाऊ नये, त्याच्या मागून गेलेल्याच्या मागून जावे, हे वचन या क्षेत्रात सर्वतोमुखी आहे. ते प्रथम कोणी उच्चारले याबद्दल एकमत नाही. आकडेवारीकडे झुकणारे अभ्यासक सरासरीकडे परतण्याचा साधा नियम पुढे करतात : विक्रमी कारकिर्दीनंतर येणारा कोणीही घसरलेलाच दिसणार. क्रीडापत्रकार छायेचे, मानसिक दडपणाचे स्पष्टीकरण पसंत करतात. पहिले मत अधिक ग्राह्य आहे. मात्र त्यात भरतीच्या चक्राची भर घालावी लागते. नेब्रास्कात टॉम ऑस्बोर्न (२५ हंगाम, २५५ विजय) डिसेंबर १९९७ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांचेच साहाय्यक फ्रँक सोलिच आले. ५८–१९ अशी नोंद असताना २००३ मध्ये सोलिच यांना काढण्यात आले आणि लगेच पुढच्या वर्षी १९६१ नंतरचा नेब्रास्काचा पहिला तोट्याचा हंगाम आला. घसरण उत्तराधिकाऱ्यामुळे झाली, की त्याच्याबद्दलच्या अधीरतेमुळे, हे येथे पुरेसे स्पष्ट आहे.

पूर्वनियोजित उत्तराधिकाराची उदाहरणे संमिश्र आहेत. फ्लोरिडा स्टेटने जिंबो फिशर यांना २००७ मध्येच बॉबी बाउडन यांचे वारस ठरवले आणि त्यांनी २०१३ चे विजेतेपद मिळवले. टेक्ससने ठरवलेले विल मसचँप वाट पाहून २०१० मध्ये फ्लोरिडाकडे गेले. ओक्लाहोमाचे बॉब स्टूप्स ७ जून २०१७ रोजी, ऐन उन्हाळ्यात, निवृत्त झाले. त्याच दिवशी ३३ वर्षांचे लिंकन रायली नेमले गेले आणि सलग चार परिषद-विजेतेपदे (विद्यापीठांच्या आपल्या गटातली) आली. त्याच विद्यापीठात १९६४ मध्ये बड विल्किन्सन यांच्या जागी आलेल्या गोमर जोन्स यांना मात्र दोन हंगामांत ९–११–१ एवढेच जमले. ओहायो स्टेटमध्ये अर्बन मायर यांच्यानंतर रायन डे आले. त्यांनी २०२४ च्या हंगामाचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघाच्या बचावात केलेब डाउन्स खेळत होता.

एनसीएएने २०२५ मध्ये नियम बदलला. प्रशिक्षक-बदलाची मुदत ३० वरून १५ दिवसांवर आली, आणि ती आता जुना प्रशिक्षक गेल्याच्या दिवसापासून नव्हे, तर नवा नेमल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होते.