ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय: फरक नेमका कुठे?

तलावावर पोहण्याचे हे दोन प्रकार पोहणाऱ्या गटांची जुंपलेली असतेच. बटरफ्लायवाले म्हणतात, "अरे, बेडूक झाले का तुमचे पोहून?" ब्रेस्टस्ट्रोकवाले म्हणतात, "पन्नास मीटरनंतर तुमचे खांदे पाण्याबाहेर येतात का, ते आधी बघा." ही चिडवाचिडवी गोड असते. पण काठावरून पाहणाऱ्या नवख्याला मुळात कोण कोणता स्ट्रोक मारतोय हेच कळत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. दोन्हीकडे पोहणारा छातीवर असतो, दोन्ही हात एकदम फिरतात, दोन्ही पाय एकदम चालतात. भिंतीलाही दोन्ही हात एकाच वेळी लावावे लागतात. एक हात आधी लागला, तर पोहणारा बाद होतो.

ओळखायचं असेल तर आधी कोपरं बघा. बटरफ्लायमध्ये हात पाण्याच्या वरून पुढे येतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पुढे नेताना कोपरं पाण्यातच राहिली पाहिजेत; सूट मिळते ती फक्त टर्नच्या, म्हणजे भिंतीपाशी वळण्याच्या, वेळी आणि टर्न किंवा शेवटाआधी मारलेल्या अखेरच्या हाताला. मग पाय बघा. बटरफ्लायची डॉल्फिन किक कमरेतून निघते, पाय वर-खाली होतात आणि हाताच्या एका फेरीत सहसा दोन किक बसतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये टाचा मागे येतात, पावलं बाहेर वळतात आणि पाणी गोलाकार मागे रेटलं जातं.

दोन्ही एकसारखे दिसतात, कारण बटरफ्लाय निघाला तोच ब्रेस्टस्ट्रोकमधून. 1930च्या दशकात काही जणांच्या लक्षात आलं, की हात पाण्याखालून पुढे नेण्यापेक्षा वरून टाकले तर वेग वाढतो आणि नियमात त्याला कुठेच मनाई नाही. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जो व्हर्ड्युरनं 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं ते हात असे वरून टाकूनच. 1952मध्ये हेलसिंकीला ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिसनंही तेच केलं. त्यानंतर दोन्ही प्रकार वेगळे केले गेले आणि 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून बटरफ्लायच्या स्वतंत्र शर्यती सुरू झाल्या.

त्याच मेलबर्नमध्ये जपानचा मासारू फुरुकावा ब्रेस्टस्ट्रोकचा बराचसा भाग पाण्याखालूनच पोहला आणि जिंकला. पाण्याखाली लाटांचा अडथळा कमी असतो. पुढे त्यालाही बंदी आली. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्याच कोसुके किताजिमानं भिंत सोडल्यावर पाण्याखाली डॉल्फिन किक मारली का, यावरून मोठा वाद झाला. त्यानंतर सुरुवातीला आणि प्रत्येक टर्नला अशी एकच किक मान्य झाली.

म्हणून "ब्रेस्टस्ट्रोक संथ" हा टोमणा मला अजिबात पटत नाही. वेग वाढवायची वाट सापडली, की नियम ती बंद करतात, कारण तसं केलं नाही तर ब्रेस्टस्ट्रोक उरणारच नाही. ब्रिटनच्या ॲडम पीटीनं 2019मध्ये 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक 56.88 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. अमेरिकेच्या केलेब ड्रेसेलनं टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटर बटरफ्लाय 49.45मध्ये पूर्ण केला. फरक सात सेकंदांहून जास्त आहे. पण या दोन आकड्यांवरून कोण मोठा पोहणारा, हे ठरवणं मला चुकीचं वाटतं.

ब्रेस्टस्ट्रोकमधली खरी कसोटी जवळून बघायची, तर टाचा ओढून घेतानाचा क्षण बघा. मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि वेग एकदम पडतो. तो कमीत कमी पडू देणं हीच कला. गुडघे फार पुढे घेतले, की शरीर जागच्या जागी थांबल्यासारखं होतं. किक संपल्यावर हात लांब, डोकं दोन दंडांच्या मध्ये, पावलं जुळलेली, अशी सरळ रेघ धरून थोडं सरकू द्यावं लागतं. घाईनं पुढचा हात मारणारा जास्त दमतो आणि मागे पडतो. फ्रीस्टाईलमध्ये तरबेज असलेल्या माणसाला किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) देऊन फक्त ब्रेस्टस्ट्रोकची किक मारायला सांगा. पावलं बाहेर वळत नसतील, तर तो जेमतेम पुढे जातो.

बटरफ्लायचा कस वेगळ्या ठिकाणी लागतो. तिथे मुख्य ओढ हातांची, आणि लय चुकली की खांदे सगळा भार घेतात. एक किक हात पाण्यात शिरताना, दुसरी हात मागे ढकलून बाहेर निघताना. दुसरी हुकली, की हात बाहेर काढणंच जड होतं. दुखण्यांतही हा फरक दिसतो: बटरफ्लायवाल्यांचे खांदे कुरकुरतात, ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांच्या गुडघ्याची आतली बाजू.

दोन्ही गटांना एकमेकांची कदर वाटायला हवी असेल, तर सरावात हात ब्रेस्टस्ट्रोकचे आणि किक डॉल्फिनची असा एक फेरा मारायला लावा. हा सराव प्रशिक्षक नेहमीच देतात. ब्रेस्टस्ट्रोकवाल्याला कमरेची लय सापडायला वेळ लागतो, आणि बटरफ्लायवाल्याचे हात सवयीनं मांड्यांपर्यंत मागे जातात. ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत, सुरुवातीचा आणि टर्ननंतरचा पहिला हात सोडला, तर हात कमरेच्या मागे नेण्याबद्दल पंच लगेच बाद ठरवतील.