छोटा एएस नंबर घ्यायचाय? आधी हे वाचा

एमएच १९ च्या पुढे आवडीचा आकडा मिळावा म्हणून आरटीओत जास्तीचे पैसे मोजणारे आपल्या जळगावात कमी नाहीत. इंटरनेटवर स्वतंत्र नेटवर्क ओळखायचा असाच आकडा म्हणजे एएस नंबर. आता धुळे-नंदुरबारकडचे इंटरनेटवालेही विचारतात, "भाऊ, आमचा एएस नंबर सहा आकडी आहे, चार-पाच आकडी मिळेल का?" मिळतो. पण त्याने नेटचा स्पीड वाढत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जुने नंबर १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच. त्यातले ६४,५१२ ते ६५,५३४ खासगी वापरासाठी राखीव. जागा संपत आली म्हणून २००७ मध्ये ३२ बिटांचे नंबर आले. त्यामुळे छोटा नंबर आता बहुधा जुन्या धारकाकडून, ट्रान्सफरनेच घ्यावा लागतो.

सहा आकडी नंबरवाल्यांची खरी अडचण कम्युनिटीत, म्हणजे मार्गांना लावायच्या खुणेत येते. अपस्ट्रीमला, म्हणजे तुम्हाला नेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला, मार्गाबद्दल सूचना द्यायची साधी बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) कम्युनिटी दोन खणांची: कोलनच्या अलीकडे एएस नंबर, पलीकडे सूचना. दोन्ही खणांत ६५,५३५ पर्यंतचाच आकडा बसतो. तिथे १३१०७२ असा सहा आकडी नंबर टाइप केला की राउटर ओळच नाकारतो. यावर २०१७ मध्ये मोठे आकडे बसणारी लार्ज कम्युनिटी आली. तुमचा आणि अपस्ट्रीमचा राउटर ती समजत असेल तर पैसे वाचवा. नंबर मिळवून द्यायचा आमचा धंदा कमी होईल, चालेल.

तरीही घ्यायचाच असेल, तर नंबरचा इतिहास आधी तपासून घ्या. आधीच्या धारकाने त्यावरून स्पॅम सोडला असेल तर काळ्या यादीतला तो डाग तुमच्या वाट्याला येतो. विकणाऱ्याचं नाव नोंदणीत तेच आहे का, हे पाहा. दोन्हीकडच्या नोंदणी-संस्थेच्या नियमांत ट्रान्सफर बसते का, हेही. नोंद तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. आणि नंबरासोबत आयपी ॲड्रेसही येतात, हा गैरसमज आम्ही रोज काढतो; ते येत नाहीत.

नोंद झाली की घाई नको. आधी नव्या नंबराचे आरओए (तुमचे आयपी ॲड्रेस कोणत्या एएस नंबरावरून जाहीर होऊ शकतात याचा सही केलेला दाखला) करा, आयआरआर या मार्गांच्या नोंदवहीतली नोंद बदला, अपस्ट्रीमला तुमचे मार्ग स्वीकारायचा फिल्टर बदलायला सांगा, मगच राउटरवर हात घाला. आरओए जुन्याच नंबरावर राहिला तर तुमचे मार्ग अवैध ठरतात आणि मोठी नेटवर्कं ते टाकून देतात. ग्राहकांचे फोन त्यानंतर थांबत नाहीत.

आमच्याकडे येताना सध्याच्या नोंदणीची प्रत आणि राउटरचं मॉडेल-आवृत्ती लिहून आणा. अपस्ट्रीम एकच असेल तर तुम्हाला बहुतेक एएस नंबरच लागत नाही. चहा घेऊन जा.