मोठी फाइल अपलोड करताना घोडं कुठं पेंड खातं

अपलोड ९० टक्क्यांवर गेलं, नेट गेलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात, हे ज्याच्या वाट्याला आलंय तो साइट बनवणाऱ्यावर चिडतो. कधी कधी चूक त्याची असतेही, पण मूळ दुखणं फार जुनं आहे, थेट १९९५ चं.

त्याआधी वेबवर फॉर्म होते पण त्यात नुसता मजकूर भरता यायचा, फाइल द्यायची तर एफटीपी, म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर, वेगळं लॉगिन, नाहीतर मग ईमेल. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्समधल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ हा इंटरनेटच्या नियमांचा मसुदा मांडला आणि फॉर्ममध्ये फाइल निवडायचं बटण आलं. नेटस्केप २ या तेव्हाच्या ब्राउझरने ते लगेच घेतलं, वेबपेज लिहायच्या भाषेच्या जानेवारी १९९७ च्या आवृत्तीत, एचटीएमएल ३.२ मध्येही ते आलं.

यातली खरी करामत बटणाची नाही, फाइल पाठवायच्या पद्धतीची आहे. फॉर्मच्या जुन्या पद्धतीत अक्षरं-अंक सोडून बहुतेक बाइटचे तीन तीन कॅरॅक्टर व्हायचे, म्हणजे फोटो पाठवला तर तो साधारण अडीच पट फुगणार. म्हणून ईमेलच्या अटॅचमेंटसारखी मल्टिपार्ट पद्धत घेतली: आधी बाउंड्रीची, म्हणजे हद्द दाखवणारी एक ओळ, तिच्याखाली फाइलचं नाव आणि प्रकार, मग एक रिकामी ओळ, मग फाइलचे बाइट जसेच्या तसे, आणि शेवटी परत बाउंड्री. इतकं साधं आणि इतकं पक्कं की आजही तेच चालतंय, आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं.

पण हे सगळं एकाच रिक्वेस्टमध्ये, एका दमात जाणार. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर ५ एमबीला २४ मिनिटं लागायची, तेवढ्यात फोन कट झाला की संपलं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १९९७ च्या १.१ आवृत्तीने डाउनलोडला मधूनच पुढं चालू करायची सोय दिली, अपलोडला मात्र तशी काहीच दिली नाही, आणि माझ्या मते सगळं घोडं इथंच पेंड खात राहिलं.

त्यात सर्व्हरच्या मर्यादा. पीएचपी या सर्व्हरवरच्या प्रोग्रामिंग भाषेत एका फाइलला मुळात २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबी, एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये तर १ एमबी, त्यापुढं गेलं की थेट ४१३ एरर, म्हणजे 'फार मोठं आहे, घेत नाही'. पीएचपीची गंमत वेगळीच, ८ एमबीची हद्द ओलांडली की फाइलच काय, भरलेलं नाव-पत्ताही प्रोग्रामला रिकामं मिळतं, त्यामुळं लोकांना वाटायचं आपणच फॉर्म भरायला विसरलो. या मर्यादा कोणी उगाच घातलेल्या नाहीत, कोणीही येऊन डिस्क भरून टाकू नये म्हणून त्या आहेत, पण बिचाऱ्या युजरला ते सांगणार कोण?

किती टक्के गेलं हेही साध्या फॉर्ममध्ये पेजवर दिसायचं नाही, म्हणून माणसं वैतागून परत सबमिट दाबायची आणि चालू अपलोड तिथंच मरायचं. ब्राउझरला जोडायच्या फ्लॅश या प्लगइनच्या २००५ च्या ८ व्या आवृत्तीने पुढं सरकणारी पट्टी दाखवायची सोय दिली आणि काही वर्षं सगळ्यांनी फ्लॅशवरच भागवलं. २०१० च्या सुमारास ब्राउझरमध्ये फाइल एपीआय, म्हणजे पेजमधल्या प्रोग्रामला फाइल वाचू द्यायची सोय, यायला लागलं आणि खरी सुटका तिथून झाली, कारण आता जावास्क्रिप्टला, म्हणजे पेजमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला, फाइलचे तुकडे पाडता यायला लागले. एक तुकडा अडकला तर तेवढाच परत पाठवायचा. त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनच्या एस३ या फाइल साठवायच्या सेवेने तुकड्यांनी अपलोड सुरू केलं, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा निदान ५ एमबीचा आणि जास्तीत जास्त १०,००० तुकडे. पुढं टस नावाचा खुला प्रोटोकॉलही, म्हणजे कोणालाही वापरता येणारी नियमावली, आला, त्यात ब्राउझर आधी विचारतो कुठवर पोचलंय, सर्व्हर बाइटचा आकडा सांगतो आणि तिथून पुढं पाठवणं सुरू.

फॉर्म मात्र मुळात तोच राहिलाय. जावास्क्रिप्ट बंद करून बघा, फाइल आजही एका दमातच जाते.